सांगलीच्या बोअरच्या पाण्यात चेरी श्रिंप: पीएच जागेवर आणताना

चेरी श्रिंप म्हणजे घरच्या टाकीत पाळायची गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी. विश्रामबागेतल्या आमच्या बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या मोजलं तर पीएच ७.४. तेच पाणी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून चोवीस तास ठेवलं की ८.२. जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की खरा आकडा दिसतो. म्हणून ताज्या पाण्याच्या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही. पीएच मोजायचा पेन वापरत असाल तर आधी ६.८६ आणि ९.१८ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) जुळवून घ्या.

सुरुवातीला मी पीएच डाउनचे (पीएच उतरवणाऱ्या आम्लाचे) थेंब घातले. रात्री ७, सकाळी परत ८. केएच मोजल्यावर उलगडा झाला: १४ अंश. केएच म्हणजे पाण्यातली बायकार्बोनेटं. आम्ल घातलं की ती ते गिळून टाकतात आणि पीएच पुन्हा वर जातो. लिंबू, व्हिनेगर यांचीही तीच गत. कोळंबीला ७.५ चालतो, ७.८ ही चालतो. रोजची ही वरखाली मात्र तिला मारते. पीएचच्या मागे न लागता केएच बसवायचा, पीएच आपोआप त्याच्यामागे येतो.

माझं मिश्रण असं: २० लिटरच्या बादलीत ४ लिटर बोअर, १६ लिटर आरओ. केएच साधारण ३, जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) साडेतीन. कात टाकायला चेरीला जीएच ६ ते ८ लागतो, म्हणून फक्त जीएच वाढवणारे श्रिंपचे क्षार घालून तो ६ वर नेतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १८० ते २०० च्या आसपास येतो, टाकीत पीएच ७.२ ते ७.४ राहतो.

घरातल्या आरओबाबत दोन गोष्टी नीट बघा. टीडीएस ६०-८० येत असेल तर आतला टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी मिसळतोय. आणि कॉपर कार्ट्रिज असेल तर त्या नळाचं पाणी टाकीत अजिबात नको, तांबं कोळंबीला विषच. मेम्ब्रेननंतर, कार्ट्रिजच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून पाणी घ्या.

एवढं करूनही केएच चढत राहिला तर दगड तपासा. शहाबादी फरशीचे तुकडे, संगमरवर, शिंपले हे सगळे चुन्याचे, हळूहळू विरघळतात. दगडावर व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का बघायचं. आपला काळा दगड बिनधास्त चालतो. देशी बदामाची वाळलेली पानं मी घालतो, ३५ लिटरला एक; पण केएच ३ असताना त्यांनी पीएच फारसा हलत नाही. त्यांच्यावर जमणारा बुळबुळीत थर पिल्लं खातात, हाच खरा फायदा.

एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर आटतं. आटलेल्याची भरपाई फक्त आरओने करायची, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात. मिश्रण ओतत गेलात तर महिन्याभरात टीडीएस तीनशेच्या पुढे.

उलट जुन्या टाकीत केएच हळूहळू उतरतो, कारण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तो वापरतात. केएच शून्याला टेकला की पीएच एकदम कोसळतो, आणि ६ च्या खाली हे जिवाणूही मंदावतात. दर पंधरा दिवसांनी थेंबांच्या किटने मोजा. दोनच्या खाली गेला तर खायचा सोडा: ३५ लिटरला १ ग्रॅमने केएच साधारण एक अंशाने वाढतो. अर्धा आज, अर्धा उद्या, वाटीभर पाण्यात विरघळवून.

आठवड्याला ४ लिटर बदलतो, तेही एअर पाइपला गाठ मारून थेंबथेंब, दीड-दोन तासांत. भसकन ओतलं की टीडीएस एकदम बदलतो, कोळंबी अवेळी कात टाकायला जाते आणि मानेमागे पांढरं कडं येऊन अडकते. त्यातून वाचणारी क्वचितच.

क्रिस्टल रेड ही दुसऱ्या जातीची कोळंबी पाळायची असेल तर हे मिश्रण चालणार नाही. तिला केएच ० ते १ आणि पीएच ६ च्या आसपास लागतो, म्हणजे पूर्ण आरओ आणि ॲक्टिव्ह सॉइल (केएच शोषून पीएच खाली ठेवणारी टाकीची माती). त्या सॉइलवर बोअरचं पाणी ओतलं तर दीड वर्ष चालणारी माती काही महिन्यांतच संपते.