इंजिन नसलेलं विमान घेऊन रामटेकला

नागपूरहून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा मोटारसायकलवर आम्ही अडीच जण होतो. मी, मागे माझा चौदा वर्षांचा भाचा आणि त्याच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला १२० सेंटिमीटरचा थर्माकोलचा पंख. ऑटोमोटिव्ह चौक ओलांडून कामठी रोडला लागलो आणि पहिला ट्रक शेजारून गेला, तसा तो पंख चादरीसकट उचलला गेला.

"मामा, हे इथंच उडून राहिलं नं!"

वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही असं मी ठरवलं. कन्हानचा पूल येईपर्यंत भाच्याने स्वतःच शोधून काढलं की पंख आडवा धरला की ट्रकची हवा त्याला उचलते आणि टोक पुढे करून धरला की कापून जाते. हे त्याला दोन महिने अंगणात चित्रं काढून सांगत होतो, ते दहा मिनिटांत कळलं.

हा पंख म्हणजेच आमचं रिमोटने उडवायचं अख्खं विमान. शेपूट नाही, पंखा नाही, मोटर नाही. वारा टेकडीवर आदळला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं आणि त्या चढत्या हवेत ग्लायडर टिकून राहतं. खरं तर ते सारखं खालीच घसरत असतं. आमचं सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास घसरतं. पण ज्या हवेतून ते घसरतं ती हवाच सेकंदाला दीड मीटरने वर चाललेली असेल, तर विमानही वर जातं. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर उलट्या दिशेने हळूहळू पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखं. याला स्लोप सोअरिंग म्हणतात आणि याला दोनच गोष्टी लागतात, उतार आणि त्या उतारावर समोरून येणारा वारा.

नागपुरात नेमक्या ह्याच दोन गोष्टींची बोंब. सीताबर्डीची टेकडी आहे, १८१७ची लढाई जिथे झाली ती; पण किल्ला लष्कराच्या ताब्यात. सेमिनरी हिल्स झाडांनी भरलेली. त्यात सोनेगावला विमानतळ, वायुसेनानगरला हवाई दल. ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यातही २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत तर विचारायलाच नको. कोळसा खाणींच्या बाजूला मातीचे मोठाले कृत्रिम डोंगर आहेत, त्यातल्या एकाकडे एका रविवारी आशेने गेलो होतो. गेटवरच्या चौकीदाराने चहा पाजून परत पाठवलं. बरोबरच केलं त्याने, तो भुसभुशीत ढीग कधी घसरेल याचा नेम नसतो. शेवटी नकाशा पसरला आणि बोट रामटेकवर थांबलं. पन्नासेक किलोमीटर, विमानतळापासून दूर आणि टेकड्याच टेकड्या.

विमान घरीच केलं. थर्माकोल फ्रिजच्या पॅकिंगमधला, ओळखीच्या दुकानातून फुकट आणलेला. तो करवतीने कापला तर मणी सुटतात, म्हणून तापल्या तारेने कापायचा. शेगडीची निक्रोमची कॉइल ताणून सरळ केली, लाकडी धनुष्याला बांधली आणि मोटारसायकलच्या जुन्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली. गंमत पुढे आहे. आमचा पंख मधोमध २८ सेंटिमीटर रुंद आणि टोकाला १६. म्हणजे तार ज्या वेळात एका बाजूला २८ सेंटिमीटर जाते, त्याच वेळात दुसऱ्या बाजूला फक्त १६ जायला हवी. कुठे जास्त रेंगाळली की तिथे खड्डा पडतो. म्हणून सनमायकाचे दोन साचे कापले, दोन्हींवर एक ते दहा आकडे टाकले आणि दोघं दोन टोकांना धनुष्य धरून उभे राहिलो. मी म्हणायचो "तीन", तोही "तीन" म्हणायचा. "चार." "चार." सातवर त्याला शिंक आली. तो तुकडा अजून आहे, त्यावर माझी बहीण मोबाईल टेकवून ठेवते.

पंखाचा कणा बांबूचा. बाजारात कार्बनच्या नळ्या मिळतात, पण ज्या गावात संक्रांतीला आकाश दिसत नाही एवढे पतंग उडतात, तिथे कमटीला नाकं मुरडणं मला पटत नाही. बुरडाकडून एकाच बांबूच्या दोन कमट्या चिरून घेतल्या. एकाच बांबूच्या असल्या तरी सारख्या नव्हत्या. एक टोक टेबलाला घट्ट धरून दुसऱ्याला २०० ग्रॅमचं वजन लटकवलं, तर एक कमटी दोन बोटं वाकली आणि दुसरी दीड. ताठ होती तिला काचेच्या तुकड्याने खरवडायचं, पुन्हा वजन लावायचं, पुन्हा खरवडायचं. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पंखाची एक बाजू ताठ आणि एक मऊ राहिली असती तर विमान जोरात वळताना आपल्या मर्जीने पिळलं असतं. चिकटवायला पांढरा पातळ गोंद, कारण वासवाला पिवळा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो (हेही करून पाहिलंय), आणि सगळ्यावर पॅकिंगची खाकी टेप.

मागवलेल्या दोन सर्वोंपैकी (रिमोटच्या इशाऱ्यावर पंखाचे पट्टे हलवणारी छोटी यंत्रं) एक मुकाच निघाला, विकणाऱ्याने फोन उचलला नाही, तिसरा मागवला. असो. शेपूट नसल्यामुळे मागच्या कडेचे दोन पट्टेच सगळं करतात. दोन्ही वर उचलले की नाक वर, एक वर एक खाली केला की वळण. ही सरमिसळ रिमोटमध्येच बसवायची असते आणि दोन्ही पट्टे मुळातच दोनेक मिलिमीटर वर ठेवायचे, नाहीतर असं विमान थेट नाकावर जातं.

शेवटचं काम तोलाचं. पंखाखाली दोन बोटं ठेवून विमान ठरलेल्या रेषेवर आडवं राहिलं पाहिजे. आमचं मागे कलत होतं. टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगला पाच-पाच ग्रॅमच्या चिकटपट्ट्या लावतात, त्या सात नाकात बसवल्या. चार रिचार्जेबल सेल, रिमोटचे इशारे पकडणारा रिसीव्हर, सगळं धरून किराणा दुकानाच्या काट्यावर ४७६ ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, "का आहे जी हे?" भाचा म्हणाला, "विमान." त्याने आणखी काही विचारलं नाही.

तर रामटेक. मनसरहून उजवीकडे वळलो तेव्हा ढग होते पण पाऊस नव्हता. जूनचा शेवटचा आठवडा, पश्चिमेचा वारा, अंदाज ताशी वीस किलोमीटरचा. गडमंदिराच्या टेकडीवर उडवायचा प्रश्नच नव्हता. तिथे माणसं आहेत आणि माणसांपेक्षा माकडं जास्त. रामटेकला येणाऱ्या प्रत्येकाने कालिदासाच्या यक्षावर दोन ओळी लिहायची रीत आहे, मी त्या वाचवतो. आम्ही रस्त्यापासून आत एका बोडक्या, पश्चिमेकडे तोंड केलेल्या टेकडीवर चढलो. खालच्या वस्तीत विचारून घेतलं होतं. वर पोहोचलो आणि मन खूश झालं. उंची भरपूर, वारा तोंडावर. रिमोटची रेंज तपासली, पट्टे योग्य बाजूला हलतात का ते दोनदा पाहिलं आणि भाच्याने विमान फेकलं.

अर्धा मिनिट छान गेला. पण ते हवेत असं हिंदकळत होतं की जणू खडीच्या रस्त्यावरची सायकल. टेकडीच्या पायथ्याशी सागाची रांग होती, वारा त्यातून गाळून, तुटून वर येत होता. मी गडबडलो आणि वळण घेतलं ते टेकडीच्या बाजूला. या खेळातला पहिला नियम म्हणजे वळायचं ते कायम उतारापासून बाहेर, वाऱ्याकडे. मी आत वळलो, वाऱ्याने विमान माझ्या डोक्यावरून मागे नेलं, आणि टेकडीच्या मागे हवा खाली कोसळत असते, तिथे ते कोणीतरी टपली मारावी तसं खाली बसलं. थेट रायमुनियाच्या झुडपात.

"मामा, तुमीच तं सांगत होते का आत वळायचं नाही म्हणून."

एक पट्टा उखडला होता आणि डाव्या टोकाचा थर्माकोल मुठीएवढा गेला होता. काटे काढत खाली आलो. टपरीवर चहा आणि टेप. टपरीवरल्या एका आजोबांनी पंख हातात घेतला, वजन पाहिलं, आणि आमची हकिकत ऐकून म्हणाले, "टेकडीवर काऊन गेले बाप्पा? हवा पाह्यजे तं तलावाच्या पाळीवर जा. तिथं छत्री धरता येत नाही."

पाळीवर? सात मीटरच्या बांधावर? मी मनातल्या मनात हसलो. मग आठवलं, ओटो लिलिएंथाल. माणसाने पंख बांधून हवेत उतरायचं कसं हे ज्याने जगाला दाखवलं, त्याला बर्लिनजवळ सोयीची टेकडी नव्हती, तर त्याने १८९४मध्ये मातीची टेकडी रचून घेतली. उंची फक्त १५ मीटर. ती चारही बाजूंनी गोल, म्हणजे वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करून पळत सुटता यावं.

तलाव दोन किलोमीटरवर होता. पूर्वेला लांबच लांब पाळ, तिच्या उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे बसवलेल्या दगडांचं अस्तर, पश्चिमेला सगळं पाणी. चढून वर उभा राहिलो आणि आजोबांचं म्हणणं टाळूपर्यंत पोहोचलं. वारा एकसारखा होता. झाड नाही, घर नाही, अर्धा किलोमीटर नुसत्या पाण्यावरून घासून येणारा वारा, आणि तो पिचिंगच्या उतारावरून सरळ वर चढत होता. गवताची चिमूट सोडली तर ती खाली पडायच्या ऐवजी छातीपासून वर गेली आणि डोक्यावरून मागे. दोन घारी पाळीच्या रेषेवर पंख न हलवता इकडून तिकडे जात होत्या. आम्ही त्यांच्या रांगेत तिसरे.

रिसीव्हर प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, कारण आता खाली पाणी होतं. भाच्याने मोबाईलवर घड्याळ लावलं आणि नाक जरासं खाली ठेवून फेकलं. विमान चार हात खाली गेलं, माझ्या पोटात गोळा आला, आणि मग ते थांबलं. म्हणजे उंचीला थांबलं. पाण्यावर पुढे सरकत होतं पण खाली जात नव्हतं. मग हळूहळू पाळीच्या वर आलं, आमच्या डोळ्यांसमोर, मग डोक्याच्या वर. उजवीकडे मोरीपर्यंत जायचं, पाण्याकडे तोंड करून वळायचं, डावीकडे सांडव्यापर्यंत यायचं, पुन्हा पाण्याकडे वळायचं. इंग्रजी आठचा आकडा आडवा पाडल्यासारखं. आवाज फक्त टेपच्या सुटलेल्या एका कडेची फरफर. टेकडीवर रिमोटच्या दोन्ही काड्या मी घट्ट धरल्या होत्या, इथे एका बोटाने चाललं.

पाळीच्या वर आणखी पाळीएवढी, तेवढीच चढती हवा. त्याच्या वर गेलं की मंद होऊन आपोआप खाली यायचं. भाच्याच्या हातात रिमोट दिला. तीन वळणं त्याने एकट्याने घेतली, तिन्ही बाहेरच्या बाजूला, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून.

ऑर्व्हिल राईटने १९११च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकडीवर इंजिनाशिवाय ९ मिनिटं ४५ सेकंद काढली होती, आणि तो विक्रम पुढे दहाएक वर्षं टिकला. हे मी भाच्याला सांगून चुकलो होतो. आठ मिनिटं झाल्यावर तो दर दहा सेकंदांनी आकडा ओरडू लागला.

तेवढ्यात पलीकडचा काठ दिसेनासा झाला. पाण्यावरून पावसाची पांढरी भिंत येत होती आणि ती पोहोचायच्या आधीच वारा एकदम पडला. पाळीवरचं गवत सरळ उभं राहिलं. विमान पाण्यावर होतं आणि बुडायला लागलं होतं. पाण्यात जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून उरलेली उंची वापरून पाळीवरून आत काढलं. पाळीवर उतरवायचं होतं, पण दोन हातांनी चुकलं आणि ते मागच्या बाजूला, धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, अलगद पोटावर बसलं.

पऱ्ह्याचे मालक बांधावरच होते. त्यांनी आधी विमानाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काढून न्या जी. पण चप्पल काढा, आन् कडेकडेनं जा. रोवणीले हेच लागते."

मी दोनदा माफी मागितली. भाचा चप्पल सोडून चिखलात उतरला, एकेक पाय जपून टाकत गेला आणि पंख डोक्यावर धरून परत आला. पाऊस एव्हाना आमच्यावर होता. गुडघ्यापर्यंत चिखल, खाकी टेपवरून पाणी गळतंय, आणि त्याने खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

९ मिनिटं २० सेकंद.

"पंचवीसच सेकंद कमी पडले, मामा. पुढच्या रविवारी हवा राहीन का?"