मधल्या नावाची रिकामी जागा

घरच्या कॉम्प्युटरवर एक डीव्हीडी लावायला मला चार दिवस लागले. त्यातले साडेतीन एकाच चौकटीपुढे गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

डीव्हीडी २००८ च्या कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाची. अमळनेरला आमच्या घरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. त्या वर्षी शूटिंग करून घेतलं होतं. त्यात सासूबाईंची थोरली बहीण अहिराणी गाणी म्हणतेय. ती आता नाही. यंदा श्रावण जवळ आला तसं सासूबाईंचं टुमणं सुरू झालं, "ती शीडी लाव ना वं."

जुन्या विंडोज ७ वर ती मुकाट चालायची. आता विंडोज ११, आणि नव्या डब्याला ड्राइव्हच नाही. यूएसबीचा ड्राइव्ह आणून जोडला, आतल्या फायली दिसल्या, पण प्लेअर ढिम्म. कारण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डीव्हीडी चालवणारा डीकोडर विंडोजसोबत येतच नाही. त्याच्या परवान्याचे पैसे मशीनमागे मोजावे लागायचे, म्हणून तो वगळला. हवा असेल त्याने वेगळा घ्यायचा. मी एक विकतचा प्लेअर उतरवला, कार्डाने पैसे भरले. इथवर अर्धा तास.

मग ती चौकट आली. वर नाव, खाली पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची किल्ली. ईमेलमधून दोन्ही उचलून चिकटवलं. लाल अक्षरांत उत्तर: नाव आणि किल्ली जुळत नाही.

पहिली शंका किल्लीवर. शून्य की ओ, एक की आय, सगळं उलटसुलट करून पाहिलं. मग नावावर. नवऱ्याचं नाव घालून टाकलं. दहावीच्या सर्टिफिकेटासारखं आडनाव आधी टाकलं. सगळं कॅपिटलमध्ये टाकलं. वैतागून माहेरचं आडनावसुद्धा टाकलं. पाच चुका झाल्या की ती चौकट चोवीस तास बंद. म्हणजे दिवसाला पाच प्रयत्न, बस. मदतकक्षाला लिहिलं तर उत्तर आलं, इंटरनेट तपासा आणि संगणक पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर, फक्त वाक्यांचा क्रम बदललेला. सासूबाई रोज संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. "दिखस का काही?" मी म्हणायचे, दिसेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं. ते जास्त लागलं.

पुण्याच्या भाच्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "मामी, व्हीएलसी टाका ना. फुकट आहे, डीव्हीडी सरळ चालते." हे खरंच आहे. तुम्हाला फक्त बघायचंच असेल तर तेच करा, माझ्यासारखे पैसे घालू नका. पण पैसे भरले होते आणि आता मला ती चौकट हरवायची होती.

चौथ्या दिवशी बिलाची पीडीएफ मोठी करून बघत बसले. माझं नाव आणि आडनाव यांच्यामधली जागा जरा जास्त वाटली. बोटाने मापली. दुप्पट. टायपिंग क्लासला असताना दोन स्पेस पडल्या की सर लाल पेनाने गोल करायचे, ते डोळ्यांत बसलंय. मग उलगडलं. विकत घेताना फॉर्मवर तीन रकाने होते, मधलं नाव ऐच्छिक. मी रिकामं सोडलं. त्यांच्या यंत्राने तिन्ही रकाने जोडताना रिकाम्या नावाच्या दोन्ही बाजूंची स्पेस तशीच ठेवली आणि त्यावरून किल्ली बनवली. ईमेल दाखवताना मात्र लागोपाठच्या स्पेस एकच होऊन दिसतात, म्हणून तिथून उचललेलं नाव चुकीचं. दोन स्पेस दिल्या. हिरवी बरोबरची खूण.

मी "झालं!" म्हणून एवढ्याने ओरडले की शेजारच्या काकू डोकावल्या.

तेव्हा फॉर्मवर ऐच्छिक असलं तरी मधलं नाव भरा. आणि एक राहिलं: पहिल्यांदा डिस्क घातली की कधी कधी प्रदेश विचारतात, म्हणजे विकतची डिस्क जगाच्या ज्या भागासाठी असते त्याचा क्रमांक. भारताचा प्रदेश ५. ड्राइव्हवर तो पाचदाच बदलता येतो, म्हणून चाळा म्हणून बदलू नका. घरी शूट केलेल्या डिस्कला त्याची गरजही नसते.

गाणं सुरू झालं तसं सासूबाई पुढे सरकल्या. बहीण दिसली. डोळ्यांना पदर न लावता म्हणाल्या, "आवाज वाढाव. ती बाजूवाली भलतंच म्हणी ऱ्हायनी."

काल मदतकक्षाचं तिसरं उत्तर आलं. संगणक पुन्हा सुरू करा म्हणे.