फोंड्यू इंटरलाकेनमध्ये नको, फ्रीबूरला खा

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनच्या मुख्य रस्त्यावर आम्ही दिसताच एक वेटर लांबूनच ‘प्युअर व्हेज, प्युअर व्हेज’ करत आला. दिवसभराच्या चढ-उताराने पाय बोलत होते, पाऊस सुरू झाला होता आणि सासूबाईंना आणखी चालवायचं नव्हतं, म्हणून बसलो. फोंड्यू, म्हणजे भांड्यात वितळवलेलं चीज, त्यात पाव बुडवून खायचा, माणशी ३६ फ्रांक. ते पाटीवर लिहिलेलं होतं, तक्रार नाही. पुढचं मात्र पाटीवर नव्हतं. पावाची दुसरी टोपली ६ फ्रांक, वाटीभर उकडलेले बटाटे ८, नळाच्या पाण्याची सुरई ६. वर कार्डाच्या यंत्रावर दहा, पंधरा, वीस टक्के टिपेची बटणं! स्वित्झर्लंडमध्ये छापील किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. मन खूश झालं तर वरचे सुटे सोडावेत, टक्के मोजायची गरज नाही. आणि एवढं देऊन मिळालं काय, तर मिनिटभरात रबर होणारं पातळ आंबट चीज.

पैशांचा राग ओसरला. ‘प्युअर व्हेज’चा अजून ओसरलेला नाही.

फोंड्यूत सहसा पांढरी वाइन असते आणि बरेचदा किर्श, म्हणजे चेरीची दारूही. शिजवताना अल्कोहोल सगळं उडून जातं हा समज चुकीचा आहे, थोडं उरतंच. त्याहून मोठी गोष्ट आम्हाला पुढे ग्रुयेर गावाच्या पायथ्याशी, प्रिंजीच्या चीज कारखान्यात कळली. तिथे काचेपलीकडे तांब्याच्या मोठ्या कढईत कच्च्या दुधाचं चीज होताना बघता येतं, सकाळी जा. अस्सल ग्रुयेर चीजसाठी दूध घट्ट करतात ते वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या पाचकरसाने. बहुतेक पारंपरिक स्विस चीजची हीच गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, “खाल्लं ते खाल्लं. आता पुढचं मात्र विचारून घे गं.”

तर कडक शाकाहारी असाल तर वेटरच्या मान डोलावण्यावर जाऊ नका, रेनेट कुठलं ते थेट विचारा. सुपरमार्केटात पाकिटावर हिरवं-पिवळं व्ही-लेबल शोधा. ‘फोंड्यू शिनवाज’ नावाला भुलू नका, त्यात चीज नसतंच, रश्शात मांसाचे काप बुडवायचे असतात.

ज्यांना रेनेट चालतं त्यांनी फोंड्यूसाठी फ्रीबूर गाठावं. बर्नहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. तिथला ‘म्वातिए-म्वातिए’ म्हणजे अर्धं ग्रुयेर, अर्धं वाशरँ फ्रीबूर्ज्वा चीज. ग्रुयेरचा खारटपणा आणि वाशरँचा लोण्यासारखा मऊपणा, दोन्ही जिभेवर वेगवेगळे कळतात. दारू नको असेल तर नुसत्या वाशरँचा मागा. तो परंपरेने वाइनऐवजी थोड्या पाण्यात, अगदी मंद आचेवर वितळवतात आणि पावाबरोबर बटाटेही बुडवून खातात. मला हाच जास्त आवडला. भांड्याच्या तळाची खरवड सोडू नका. ती काढून वाटून घेणं हा तिथला रिवाज आहे, आणि आमच्याकडे तिच्यावरून भांडण झालं.

थंड पाणी प्यायलात तर पोटात चीजचा गोळा होतो, असं सगळे बजावतात आणि वाइन पुढे करतात. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये फोंड्यूबरोबर काहींना वाइन, काहींना काळा चहा देऊन तपासलं, तर वाइनवाल्यांचं पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला. दुसऱ्या दिवशी चढायचं असेल तर चहा घ्या. चढायचं नसेल तर वाले प्रांतातली फांदां ही पांढरी वाइन घ्या, कारण स्विस वाइन देशाबाहेर फारच थोडी जाते, आपल्याकडे मिळणं कठीण.

फोंड्यू खूपदा किमान दोघांसाठीच देतात, एकट्याने फिरणाऱ्यांनी आधी विचारावं. आणि खोलीत स्वयंपाकघर असेल तर सुपरमार्केटातलं तयार मिश्रणाचं पाकीट आणा. चौघांना पुरणाऱ्या पाकिटाला हॉटेलातल्या एका माणसाइतकेही पैसे पडत नाहीत, आणि ते इंटरलाकेनच्या त्या भांड्यापेक्षा चांगलं निघालं. त्यासाठी कूप या सुपरमार्केटात जा. मिग्रोही उत्तम, पण तिच्या सुपरमार्केटात दारू मिळत नाही, वाइन दुसरीकडून घ्यावी लागेल.

राक्लेटसाठी वाले प्रांत. तिथल्या सियों शहरात अर्धं चीज विस्तवासमोर धरून वितळलेला थर ताटात खरवडून देतात, सोबत बटाटा, लहान काकड्या आणि छोट्या कांद्यांचं लोणचं. एक ताट म्हणजे चार घास. त्यामुळे भाव ताटाचा की ‘आ दिस्क्रेसियों’, म्हणजे पोटभर, ते बसण्याआधी ठरवा. भुकेल्या माणसाला ताटाचा भाव परवडत नाही.

 

जर्मन भागात रोश्टी आणि आल्प्लरमाग्रोनन दिसतील. पहिली म्हणजे किसलेल्या बटाट्याची जाड खरपूस थाळी, मूळची बर्नकडच्या शेतकऱ्यांची न्याहारी. दुसरं मॅकरोनी, बटाटे, साय, चीज आणि तळलेला कांदा, सोबत सफरचंदाचा गोडसर गर. कागदावर विचित्र, थंडीत भिजून आल्यावर अप्रतिम. दोन्हीत डुकराच्या मांसाचे तुकडे न सांगता येतात. मागवतानाच “ओने श्पेक” म्हणा, फ्रेंच भागात “साँ लार”. रोश्टी चरबीत भाजली की लोण्यात, तेही विचारा.

पेयांत रिव्हेला घ्याच, लाल लेबलची. १९५२ पासून बनणारं, चीज करताना उरणाऱ्या निवळीपासूनचं फेसाळ सरबत. नवऱ्याने एक घोट घेऊन बाटली मला दिली, मी रोज प्यायले. पण हॉटेलात नाही, दुकानातून. पाणी तर विकत घेऊच नका. गावोगावी रस्त्यावरचे कारंजे पिण्याच्या पाण्याचे असतात, एकट्या झुरिकमध्ये बाराशेच्या वर. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तेवढे सोडा.

ग्रुयेरला चढून गेलात, तर वर मेरिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजलेला कुरकुरीत गोड पदार्थ, आणि दुहेरी सायीचं भांडं मागवा. साय इतकी दाट की चमचा उभा राहतो. या एका पदार्थाला महाग म्हणणाऱ्याशी मी वाद घालेन.

वेळा पाळा. बऱ्याच ठिकाणी दुपारी दोनला चूल बंद, ती थेट सहाला पेटते. साडेअकरा ते दोनमधलं ‘टागेसमेन्यू’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, सगळ्यात परवडतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्थानकांतली उघडी, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, रिव्हेला भरून ठेवा.