सोमच्या शेतात चिखल तुडवत

अल्बेर स्टेशनाबाहेर टॅक्सी नव्हती. ‘तीन किलोमीटर तर आहे,’ असं मी म्हटलं आणि पुढचा अख्खा दिवस मैत्रिणीने ते वाक्य मला ऐकवलं. नोव्हेंबर, पाऊस नुकताच थांबलेला, आणि उत्तर फ्रान्सच्या सोम भागातली खडूमिश्रित चिकणमाती. शंभर पावलांत एकेक बूट किलोभर जड. दोन्ही बाजूंना बीट काढून ढीग लावलेले. इथे नांगराला अजूनही पहिल्या महायुद्धातले तोफगोळे लागतात आणि शेतकरी ते रस्त्याकडेला ठेवून देतात, हे मी वाचलं होतं. त्यामुळे बांधावरच्या प्रत्येक गंजक्या वस्तूला आम्ही लांबून वळसा घालत होतो. त्यातली एक तर बादली निघाली.

मला बेकूरच्या लष्करी दफनभूमीत जायचं होतं. तिथे रॉब गिल्सन आहे. बर्मिंगहॅमच्या शाळेत ग्रंथालयात चोरून चहा करणारी एक चौकडी होती: गिल्सन, स्मिथ, वाइझमन आणि पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी लिहिणारा टोल्किन. आपल्या हातून जगात काहीतरी मोठं घडणार, असं चौघांना मनापासून वाटायचं. त्या वयात कुणाला वाटत नाही? १ जुलै १९१६ च्या सकाळी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, गिल्सन इथल्याच उतारावर आपल्या माणसांपुढे चालत होता. वय २२. त्या एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. टोल्किन तेव्हा मागे राखीव तुकडीत होता. मित्र गेल्याचं त्याला दोन आठवड्यांनी स्मिथच्या पत्रातून कळलं.

थडग्यापाशी मी फार वेळ उभी राहिले नाही. पांढरा दगड, नाव, तारीख. रांगेतल्या बाकीच्यांसारखाच.

जास्त वेळ गेला तो पुढे लॉखनगर विवरापाशी. (नाव ऐकून मैत्रिणीने विचारलं, ‘ही हाउसिंग सोसायटी आहे का?’) हल्ल्याच्या दोन मिनिटं आधी, ७ वाजून २८ मिनिटांनी, जर्मन खंदकांखाली पुरलेला सुरुंग उडाला, त्याचा हा खड्डा. सुमारे १०० मीटर रुंद, वीसेक मीटर खोल. आता आत गवत आहे. काठावर उभं राहून मी तिला टोल्किनचं काम सांगत होते. तो संदेशवहन अधिकारी होता: टेलिफोनच्या तारा, दिवे, कबुतरं, धावते जासूद. त्याच्या लँकेशायरच्या पलटणीत गिरण्यांतली आणि खाणींतली माणसं भरपूर. माझे आजोबा परळच्या गिरणीतले, म्हणून असेल, पण ‘गिरणीतली माणसं’ म्हटल्यावर मला चेहरे दिसतात. अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणारे असे साधे शिपाई आपल्यापेक्षा किती तरी श्रेष्ठ होते, असं टोल्किनने पुढे म्हटलं, आणि आपल्या कादंबरीतला सॅम हा त्यांचंच प्रतिबिंब असल्याचंही सांगितलं. नायक फ्रोडोच्या मागे ओझं वाहणारा सॅम. ‘त्याला सोडू नकोस,’ असं अमर एल्फ लोक त्याला बजावतात, आणि तो सोडत नाही.

इथे शब्द पाळण्याला फार मोल होतं. एका रात्री गस्तीवर निघण्याआधी स्मिथने टोल्किनला लिहिलं होतं: मी उरलो नाही, तर मला जे म्हणायचं होतं ते तू म्हण. डिसेंबर १९१६ मध्ये तोही गेला, तोफगोळ्याच्या कपच्यांच्या जखमा चिघळून. टोल्किन तोवर खंदकतापाने मायदेशी परतला होता.

इथून बरंच उत्तरेला, १९१८ च्या एप्रिलमध्ये, टोल्किनचा पुढे मित्र झालेला, ‘नार्निया’चा लेखक सी. एस. लुईस तोफगोळ्याने जखमी झाला. त्याच तोफगोळ्याने त्याचा सार्जंट मारला गेला. लुईसचा मित्र पॅडी मूर त्याआधीच मार्चमध्ये गेला होता. जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या पालकाला सांभाळायचं, असं दोघांचं ठरलं होतं, हे पॅडीच्या बहिणीने पुढे सांगितलं. लुईसने पॅडीच्या आईला १९५१ पर्यंत, तिच्या मृत्यूपर्यंत, सांभाळलं. त्या नात्यावरून चरित्रकारांत वाद आहेत, ते असोत.

टोल्किनने एकदा एका जखमी जर्मन कैद्याला पाणी देऊ केलं, तर त्याने उलट टोल्किनचे जर्मन उच्चार सुधारले! हा प्रसंग मला फार आवडतो. कादंबरीत कपटी गॉलमला जिवंत सोडणारी दया मला याच मातीतली वाटते. शेवटी फ्रोडोचं सामर्थ्य संपतं, तेव्हा ती दयाच कामी येते. शत्रूच्या फौजेतले ऑर्क मात्र अजूनही खटकतात. अख्खी जात मारण्यालायक, हे त्या पाण्याच्या घोटाशी जुळत नाही. म्हातारपणी खुद्द टोल्किनही या प्रश्नाशी झगडत होता.

काठावरच्या बाकावर मैत्रिणीने डबा उघडला. तिने यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. सॅकही सकाळपासून तिच्याच पाठीवर.

‘मग लिहिलं का त्याने, मित्राने सांगितलं ते?’

‘ते मोठं पुस्तक १९३७ मध्ये सुरू केलं, १९४९ मध्ये संपवलं. १९२६ मध्ये ऑक्सफर्डला लुईस भेटला. टोल्किन वाचायचा आणि लुईस ऐकायचा. तो ऐकत बसला नसता, मागे लागला नसता, तर ते पुरं झालं नसतं, असं टोल्किनच म्हणायचा.’

‘बारा वर्षं नुसता ऐकत होता?’

‘अगं, मधे मधे टीकाही करायचा.’

‘धन्य आहे,’ ती म्हणाली आणि उरलेलं थालीपीठ माझ्याकडे सरकवलं. ‘मी दोनच दिवस ऐकतेय. खा आणि चल, गाडी चुकेल.’