मुदत लक्षात असेलच

या महिन्याचे भाडे एकरकमी देणे जमणार नाही, हे मी आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, तारीख उलटण्याआधीच लिहून कळवले होते. अर्धी रक्कम ठरलेल्या दिवशी भरली, उरलेली कोणत्या तारखेला देईन ते स्पष्ट लिहिले आणि भरण्याची पावती सोबत जोडली. आज त्यांचे उत्तर आले: "अर्धी रक्कम मिळाली. कराराची मुदत लक्षात असेलच." या दोन वाक्यांत रागाचा शब्द नाही, अपमान तर मुळीच नाही, तरीही दिवसभर माझे चित्त थाऱ्यावर नव्हते.

सुरुवातीला मला वाटले, ही लाज आहे. वर्षानुवर्षे वेळेवर भाडे देणाऱ्या माणसाला एका उशिरासाठी तपशीलवार खुलासा करावा लागतो आणि त्या खुलाशात घरातली अडचण परक्यापुढे मांडावी लागते, याचे वाईट वाटतेच. दादाचा पगार कधी होईल, याविषयी आज काही लिहिणार नाही. पण दुपारी तेच उत्तर पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की मला बोचणारे पहिले वाक्य नव्हतेच, दुसरे होते. थकलेल्या रकमेबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही आणि थेट मुदतीकडे बोट दाखवले. असे का, हे मला समजून घ्यायचे होते.

म्हणून संध्याकाळी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 वाचायला घेतला. त्याचे कलम 15 वाचून मोठा धीर आला. भाडेकरू भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे तोवर मालकाला घराचा ताबा मिळत नाही; थकबाकीची लेखी नोटीस दिल्यानंतर 90 दिवस उलटल्याशिवाय त्याला दावा दाखल करता येत नाही; आणि दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत भाडेकरूने थकबाकी द.सा.द.शे. 15 दराच्या सरळव्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा होत नाही. अडचणीत आलेल्या माणसाला सावरायला वेळ लागतो, हे कायदा करणाऱ्यांनी जाणले होते, असे वाटून मी क्षणभर निर्धास्त झाले.

मग कपाटातून आमचा करार काढला. तो लिव्ह अँड लायसन्सचा आहे. कलम 15 चे हे संरक्षण भाडेकरूसाठी आहे आणि या कागदानुसार मी भाडेकरू नाही. मला ठरावीक काळापुरती राहण्याची परवानगी दिलेली आहे. माझ्यासारख्यांसाठी कलम 24 आहे. मुदत संपताच घर परत करावे लागते. न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या मासिक रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तेथे 90 दिवसांची सवलत नाही.

आता काकांचे वाक्य उलगडले. थकबाकीवरून आमच्याशी भांडण्याची त्यांना गरजच नाही. कोणतेही कारण न देता, आवाज न चढवता, केवळ कराराचे नूतनीकरण न करता ते हे घर परत घेऊ शकतात. मी इतके दिवस नोटिशीला भीत होते आणि खरा धोका नोटिशीशिवायच येऊ शकतो. हे कळल्यावर मला स्वतःची फार कीव आली. जेथे आईने भिंतीवरची जागासुद्धा ठरवून घेतली आहे, ते घर दुसऱ्याच्या एका होकारावर उभे आहे, आणि तो होकार मागण्याचा मला हक्क नाही, फक्त विनंती करता येते.

रात्री जेवण झाल्यावर मात्र मन थोडे निवळले. काकांनी माझी अर्धी रक्कम मुकाट्याने स्वीकारली आणि ती मिळाल्याचे लेखी मान्य केले, हे मी सकाळी नीट पाहिलेच नव्हते. धमकावण्याचा हेतू असता तर करारातले थकबाकीचे कलम त्यांच्या हाताशी होतेच. कदाचित त्यांनाही पुढच्या वर्षीची खात्री हवी असेल, आणि ती मागण्याची त्यांची रीत एवढीच असेल. मालकाकडून आपुलकीची अपेक्षा ठेवणे मला चुकीचे वाटत नाही, पण तिच्या भरवशावर घर टिकवता येत नाही, हेही आता मला मान्य आहे.

आईचे म्हणणे, समक्ष जाऊन बोल. समक्ष बोलण्यात मान राखला जातो हे खरे, आणि मी जाणारही आहे. पण जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवणार आहे, कारण बोलणे दोघांच्या आठवणीत दोन तऱ्हांनी राहते. उरलेले भाडे अनामत रकमेतून वळते करून घ्या, असे सुचवण्याचा मोह आज मला झाला होता. तो मी आवरला. करारात तशी तरतूद नाही, आणि घर सोडायची वेळ आलीच तर पुढच्या घराची अनामत देण्यासाठी आमच्याकडे तीच रक्कम असेल.

उरलेली रक्कम कबूल केलेल्या तारखेच्या आधीच देण्याची तजवीज वहिनींनी केली आहे. ती भरली की पावतीसोबतच काकांना विचारणार आहे की मुदतीनंतर करार पुढे चालू ठेवण्याचा त्यांचा विचार आहे का. उत्तर नकारार्थी आले, तर ते आत्ताच कळावे आणि अनामत कोणत्या तारखेला परत मिळेल तेही लिहून द्यावे, एवढी विनंती त्याच पत्रात करणार आहे. मसुदा तयार आहे. झोपण्यापूर्वी तो दादाला एकदा वाचून दाखवायचा आहे.