यंदा कशाला?

दुपारी तीनला आमच्या वाण्याकडे गर्दी नसते. तो गल्ल्यामागे पेंगत असतो, आणि मी नेमका तेव्हाच जातो. परवा पाहिलं तर काउंटरवर मोती साबणाच्या खोक्यांचा मनोरा. अजून नवरात्रही उठलं नव्हतं! यादीत साबण नव्हता, घरी मोरीत बाटलीतला कसलासा कोरफडीचा साबण आहे, तरी दोन खोकी पिशवीत आली. एक गुलाब, एक चंदन. वाण्याने विचारलंसुद्धा नाही, बिलात धरून टाकली.

या साबणाने अंग जास्त स्वच्छ निघतं, असं कुणी छातीठोकपणे सांगावं. मुळात उटणं लावल्यावर साबण हवाच कशाला, असं आजी दर दिवाळीला विचारायची आणि स्वतःसाठी एक वेगळी वडी आधीच काढून ठेवायची. ती गोल, जाडजूड वडी आम्हा पोरांच्या मुठीत मावायची नाही. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचा कडूजहर थेंब जिभेला लावायचा, बंबातलं कढत पाणी अंगावर घेत ओरडायचं, आणि मग साबण. तेलकट हातातून वडी सटकली की मोरीत धप्प आवाज व्हायचा. बाहेरून काका विचारायचे, "फोडलीस का रे?" पहिली अंघोळ कुणाची यावरून भावंडांत मारामारी, कारण वडीवरची ठसठशीत अक्षरं पहिल्यालाच मिळायची. बाकीच्यांच्या वाट्याला बुळबुळीत गोळा.

मोती मूळचा टाटांच्या टॉम्कोचा, म्हणजे टाटा ऑइल मिल्स कंपनीचा. १९९३ साली ती कंपनीच हिंदुस्थान लिव्हरमध्ये गेली. घरात कुणाला पत्ता नव्हता, असता तरी यादी बदलली नसती.

आणि मला हा साबण बाकी वर्षभर अजिबात चालत नाही. एकदा ऐन मे महिन्यात एका नातेवाइकांकडे बेसिनवर दिसला, हात धुवायला ठेवलेला. गणपतीच्या आरतीत कुणी शिमग्याची बोंब ठोकावी, तसं झालं. मी नुसत्या पाण्याने हात धुतले.

जाहिरातवाले याला ब्रँडशी जुळलेलं भावनिक नातं म्हणतात. असेल. मला विचाराल तर ही निव्वळ धास्ती आहे. नाही आणला, आणि दिवाळी थोडी कमी दिवाळी झाली तर? एवढ्याशा पैशांसाठी ती जोखीम कोण घेणार? दसऱ्याला गुंजभर तरी सोनं घेणारी माणसं भाव बघून थोडीच घेतात.

आजी गेली त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. कंदील नाही, रांगोळी नाही, फराळाचे डबे शेजारून आले. आईने सामानाची यादी केली, त्यात मोती नव्हता. बाबा तरी घेऊन आले. एकच.

"अहो, यंदा कशाला?"

"असू दे गं."

आई पुढे काही बोलली नाही. बाबांनी ते खोकं फडताळात आजीच्या डब्यामागे ठेवलं.

हे सगळं मी परवा मुलीला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पण बाबा, वास किती उग्र आहे त्याचा!"

आहे खरा.