ठासणीच्या रायफलीचं सामान गोळा करताना: फ्रेंडशिप, इंडियाना

रायफल हातात आली तेव्हा तिच्यासोबत फक्त लाकडी गज होता. शेजारचे वयस्कर गृहस्थ घर आवरून मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांनी ती मला विकली: पन्नास कॅलिबरची, लांब नळीची, तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, चकमकीवर पेटणारी. दारूचं शिंगडं, मापं, गोळ्यांचा साचा हे सगळं केव्हाच कुणाकुणाला देऊन झालेलं होतं. "बाकीचं सामान दुकानात मिळेल," ते म्हणाले.

दुकानात मिळालं नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या आसपासची तीन मोठी दुकानं पालथी घातली. ठासणीचा म्हणून एक कप्पा सगळीकडे असतो, पण त्यात असतात प्लॅस्टिकच्या टोपणातल्या गोळ्या आणि दारूऐवजी वापरायच्या पर्यायी भुकटीच्या वड्या. हे सामान हरणांच्या शिकारीच्या मोसमात वापरतात त्या नव्या घाटाच्या ठासणीच्या बंदुकांसाठी. एका ठिकाणी विक्रेत्याने मला ती भुकटी ठामपणे गळ्यात मारली. ती पेटायला खऱ्या काळ्या दारूपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं, आणि चकमकीच्या ठिणगीवर बाहेरची रंजक पेटली तरी आतला बार भरवशाने पेटत नाही, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. तो डबा अजून न उघडलेलाच आहे.

रंजक हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझं आजोळ देवगडजवळ. भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरायची, आणि आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती टोपीवर, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर उडणारी, माझी चकमकीची. पण नळी, गज, घोडा, चाप, बार भरणं हे शब्द मी तिथेच ऐकले. रंजक म्हणजे बाहेरच्या वाटीत घालायची चिमूटभर बारीक दारू. वाटीतून आत बारापर्यंत जाणारं छिद्र म्हणजे कान. किल्ला सोडताना तोफांच्या कानात खिळे ठोकायचे, तोच हा कान. इथल्या म्हाताऱ्या नेमबाजांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले.

शेवटी कुणीतरी सांगितलं, फ्रेंडशिपला जा. इंडियानाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या रिप्ली काउंटीतलं हे चिमुकलं गाव. ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे आणि तिचं वॉल्टर क्लाइन मैदान इथे ओढ्याकाठी आहे. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, इथे राष्ट्रीय स्पर्धा भरतात. त्याच वेळी मैदानावर विक्रेत्यांची एक पूर्ण गल्ली उभी राहते. आपल्याला काम त्या गल्लीशी.

आम्ही सप्टेंबरातल्या शनिवारी निघालो. सिनसिनाटीहून यूएस ५० धरून लॉरेन्सबर्ग, ऑरोरा, डिल्सबरो आणि तिथून स्टेट रोड ६२. शेवटचा टप्पा वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना मका. वाटेत पेट्रोल भरून घ्या, रोख पैसे काढून घ्या. गावात शिरता शिरता आमच्या दोघांच्याही फोनची रेंज गेली, आणि बऱ्याच टपऱ्यांवर कार्ड चालतच नव्हतं. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर ओढ्याकाठी चिखल असतो. जुने बूट घाला. कानात घालायचे बोळे गाडीतच तयार ठेवा, कारण दार ओलांडताच बार ऐकू येतात. गावात रस्त्यालगत जुन्या बाजाराचीही मोठी गर्दी उसळते. त्यात आमचा तासभर गेला आणि हाती काहीच लागलं नाही. थेट मैदानावर जा.

आता खरेदीबद्दल. मी घरून एका कागदावर रायफलीची मापं लिहून नेली होती आणि या सगळ्या फेरीत माझ्या सर्वांत उपयोगी पडला तो हा कागद. नळीचा व्यास, आट्यांचा, म्हणजे नळीतल्या खाचांचा, पीळ (माझ्या रायफलीत ४८ इंचांत एक फेरा), गार धरणाऱ्या घोड्याच्या जबड्याची रुंदी, नळीची लांबी आणि गजाच्या टोकाचे आटे. टपरीवर विचारलं की लोक आधी हेच विचारतात, आणि ज्याच्याकडे उत्तर असतं त्याला वेळ देतात.

सगळ्यांत आधी दारू घ्या. बाकी सगळं टपालाने येतं, दारू येताना अडचण करते. खरी काळी दारू कायद्याने स्फोटक. मागवली तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, आणि बरेच विक्रेते एकदोन पौंड पाठवतच नाहीत, पाचाच्या पटीत घ्या म्हणतात. त्यात २०२१ मध्ये लुईझियानातल्या मिंडेनचा गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला आणि सगळ्या देशात टंचाई झाली. २०२२ मध्ये एस्टिसने, म्हणजे मुलांची खेळण्यातली रॉकेटं बनवणाऱ्या कोलोरॅडोतल्या कंपनीने, तो विकत घेतला. त्या दिवसांची धास्ती नेमबाजांच्या मनात अजून आहे. बारा-पंधरा डबे घरात असलेली माणसं मला गल्लीत भेटली. मी तीन एफची दोन पौंड घेतली. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. पन्नासच्या रायफलीला तीन एफ बाराला चालते आणि रंजकेलाही चालते. चार एफ खास रंजकेची म्हणून मिळते, पण सुरुवातीला वेगळा डबा लागत नाही.

एका पौंडात ७००० ग्रेन. बाराला ६० आणि रंजकेला तीनेक ग्रेन धरले तर एका पौंडात सुमारे ११० बार. नव्या माणसाला दोन पौंड हिवाळाभर पुरतात.

विमानाने येणार असाल तर दारू कुठल्याच सामानात नेता येत नाही, हातातल्याही नाही आणि खाली टाकायच्याही नाही. टोप्यांचंही तसंच. गाडीने या, किंवा परत जाताना इथल्याच ओळखीच्या माणसाला द्या.

गोळी .४९० इंचाची. नळी .५०० ची असते, मधली फट कापडाने भरायची. मी .४९० आणि .४९५ अशा दोन्हींची शंभर-शंभरची डबी घेतली. दुसरी घेण्याची घाई केली. .४९० ची गोळी साधारण १७७ ग्रेनची, म्हणजे शंभर गोळ्या अडीच पौंड भरतात. पिशवी मजबूत घ्या. गोळी शुद्ध, मऊ शिशाचीच हवी, नखाने ओरखडा उठतो अशी. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका. आम्ही धपाटे नेले होते, आणि मी नवऱ्याला दोनदा ओढ्याशेजारच्या नळावर पिटाळलं.

कापडाची टपरी मला सगळ्यांत आवडली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड सुती कापड, ज्याला इथे पिलो टिकिंग म्हणतात. हात लावला आणि ओळखलं: हा आपला गादीपाट! टपरीवरच्या बाईंकडे कापडाची जाडी मोजायचा मायक्रोमीटर होता. त्यांनी कापड चिमटीत दाबून दाखवलं, .०१८ इंच. दुसरं एक विणीला घट्ट, .०१५. माझ्या मापांचा कागद बघून म्हणाल्या, "आधी पातळ घे. गज अंगठा आणि दोन बोटांनी आत गेला पाहिजे, खांद्याने नव्हे." दोन्ही अर्धा अर्धा यार्ड घेतलं. कापड शंभर टक्के सुती हवं, पॉलिएस्टर नळीत वितळतं. घरी आणून आधी गरम पाण्यात धुवा, खळ गेली पाहिजे. खळीचं कापड वंगण पीत नाही. वंगणाला मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल पुरतं. पेट्रोलियमचं ग्रीस नको, काळ्या दारूबरोबर त्याचा डांबरासारखा थर बसतो.

गारगोट्या घेताना घोड्याच्या जबड्यापेक्षा रुंद घेऊ नका. मी एका टपरीवर स्वस्त पडल्या म्हणून डझनभर घेतल्या आणि त्या माझ्या घोड्याच्या जबड्याला पाव इंच जास्त रुंद निघाल्या. कड नळीला घासते. नंतर काळ्या इंग्लिश गारा, पाऊण इंची, सहा घेतल्या. इंग्लंडमध्ये सफोकमधल्या ब्रँडन गावात या पिढ्यानपिढ्या हाताने फोडत आले आहेत. जबड्यात त्या चामड्याच्या घडीत धरायच्या, नागड्या नाही. ठिणगी गारेची नसते, गार पोलादी पाटीचा कीस काढते तो पेटतो. म्हणून धार गेली की रंजक पेटणार नाही.

किरकोळ सामान म्हणजे पितळी माप, गोळी नळीच्या तोंडात बसवायची आखूड ठोकणी, कान साफ करायची तार, गजाच्या टोकाला बसणारं चिंधीचं बोंडूक आणि गोळी उपसायचा स्क्रू. हा शेवटचा नक्की घ्या. मी तो "लागेल तेव्हा" म्हणून टाळणार होते. एका आजोबांनी बाक सोडून येऊन तो माझ्या हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत. शिंगडं मात्र मी घेतलं नाही. चांगलं शिंगडं महाग आहे आणि ते निवडायला नजर लागते.

पहिले बार दोन आठवड्यांनी, घराजवळच्या क्लबच्या मैदानावर, एका जाणत्या सभासदाच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी आधी नियम सांगितले: डब्यातून किंवा शिंगड्यातून थेट नळीत कधीच ओतायचं नाही, माप मधे हवंच, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असली तर डबाच हातात फुटेल. नळीच्या तोंडावर वाकायचं नाही. रंजक घालायची ती फक्त नेमबाजीच्या रेषेवर उभं राहून. धूर न करणारी आधुनिक दारू या नळीत चिमूटभरसुद्धा नाही. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळी फुगते. त्यासाठी रिकाम्या आणि भरलेल्या नळीत गजावर दोन खुणा करा.

.४९५ ची गोळी आणि .०१८ चं कापड दुसऱ्या बारालाच अर्ध्या नळीत अडकलं. ती उपसण्यात वीस मिनिटं गेली. मग .४९० आणि .०१५ वर आलो आणि गज सरळ गेला. सातव्या बाराला मी बोलता बोलता दारू न घालताच गोळी ठासली. चाप ओढला, रंजक भसकन पेटली, पुढे काहीच नाही. माझ्या छातीत धस्स झालं. नळी लक्ष्याकडेच रोखून मिनिटभर थांबलो. मग गुरुजींनी कानातून चिमटी-चिमटीने थोडी बारीक दारू आत सारली, गोळी गजाने पुन्हा तळाला बसवली, गज बाहेर काढला, रंजक घातली, आणि गोळी पंधरा-वीस पावलांवर जाऊन पडली. गोळी उपसायचा स्क्रू त्या दिवशी अडकलेल्या गोळीला लागला होता, यावेळी लागला नाही, पण तो खिशात होता म्हणून मी घाबरून घरी आले नाही.

गोळीभोवतीच्या कापडाच्या उडालेल्या चिंध्या उचला. समोर चार-पाच पावलांवर पडतात. माझी पहिली चिंधी गोल कडेने कापलेली होती: नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण आहे. क्लबमध्ये बारीक पॉलिश कागद अंगठ्याखाली फिरवून ती मोडली. त्यानंतरची चिंधी मधे काळी, कडेला फक्त दसे निघालेली. त्या दिवशी शेवटच्या पाच गोळ्या पन्नास यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

कायद्याचं दोन शब्दांत. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा बंदुका बहुतेक बाबतीत प्राचीन हत्यारांत मोडतात, पण राज्यांचे नियम वेगळे. न्यू जर्सीत तर ठासणीच्या रायफलीलाही खरेदीचं ओळखपत्र लागतं, आणि आपले कितीतरी लोक तिथे राहतात. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो; इथून काही नेण्याचा विचार मनातही आणू नका.

घरी आल्यावर त्याच रात्री नळी धुवायची, उद्यावर टाकायची नाही. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. कानाला लाकडी काडीचं बूच, नळीत कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, हलवून ओता. पहिलं पाणी शाईसारखं निघतं, कुजक्या अंड्याचा वास येतो. तिसऱ्या पाण्याला चिंधी पांढरी. मग कोरडी, मग तेलाची. दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा तेलाची चिंधी फिरवा. मी पहिल्यांदा ती फिरवली नाही, आणि तोंडापासून दोन बोटं आत तांबूस डाग आला होता.